तीन नंबरच्या टाकीचे वजा चाळीस

मंगळवार, १४ मार्च रोजी पाणीपुरवठा कार्यालयाने सात टाक्यांवरची पातळी मोजणारी यंत्रे तपासून घेण्यासाठी एका खासगी कंपनीशी ४,१८,६५० रुपयांचा करार केला. करारातले एक कलम सुरक्षिततेचे होते. कंपनीच्या माणसाने यंत्रात जो काही बदल केला असेल तो आपल्या कंपनीला कळवावा, कंपनीने कार्यालयाला लेखी कळवावा आणि कार्यालयाने नियंत्रण कक्षाला कळवावा. त्या माणसाने ऑपरेटरांशी यंत्राबद्दल परस्पर बोलू नये, असा त्याचा सारांश होता. कलमाला कोणी हरकत घेतली नाही आणि घेण्यासारखे त्यात काही नव्हतेही. शेजारच्या एका गावात दुरुस्तीवाला म्हणून आत शिरलेला कोणी तरी गोड बोलून पासवर्ड घेऊन गेला होता. तेव्हापासून सगळीकडेच दुधाने तोंड पोळलेली माणसे ताक फुंकून पीत होती.

नियंत्रण कक्ष नदीकाठच्या पंपगृहाच्या वरच्या मजल्यावर होता. चार ऑपरेटर तिथे पाळीपाळीने बसत. त्यांतले सर्वांत जुने मामा. ते कोणाचे मामा म्हणून हे नाव पडले ते आता कोणाला सांगता आले नसते. कार्यालयातला शिपाई त्यांना मामा म्हणे आणि हजेरीपटावर सही घेणारे साहेबही मामाच म्हणत. ते नोकरीला लागले तेव्हा स्क्रीन नव्हती, चाके होती. मोठाल्या व्हॉल्व्हची लोखंडी चाके दोन्ही हातांनी फिरवायची, मग जिना उतरून काटा बघायचा आणि पुन्हा वर येऊन थोडे फिरवायचे. पुढे स्क्रीन आली, चाकांवर धूळ बसली आणि मामांच्या तळहातांचे घट्टे विरत गेले. चार किलोमीटरवरच्या टाकीत किती पाणी आहे ते खुर्चीत बसून दिसू लागले. "उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा," असे ते स्वतःच म्हणत. तरी हाकण्यात त्यांची कधी कसूर नसे. पाळीच्या वेळेआधी येत, घरून आणलेली उशी खुर्चीत ठेवत, चष्मा पुसत आणि मग इकडेतिकडे बघत नसत.

कक्षाच्या काही रीती होत्या. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या.

पहिली रीत अशी, की चालू स्क्रीन कोणी बंद करायची नाही. प्रत्येकाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड दिलेला होता, पण एक बसला की तो उठेपर्यंत आणि दुसरा बसला की तोही तीच उघडी स्क्रीन वापरी. याला कारण होते. एकदा धोक्याची घंटा वाजत असताना लांबू नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच ऑपरेटरने घाईत तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला होता. यंत्राने त्याला पंधरा मिनिटे बाहेर उभे केले आणि पंप तसाच धडधडत राहिला. त्या दिवसापासून स्क्रीन बंद करणे म्हणजे पुढच्या माणसाला दारात अडवणे, असे सगळे मानू लागले.

दुसरी रीत तीन नंबरच्या टाकीची. ही टाकी टेकडीवर होती आणि तिच्यातली पाण्याची पातळी स्क्रीनवर नेहमी चाळीस सेंटीमीटर जास्त दिसे. का दिसे ते कोणाला माहीत नव्हते. नवा ऑपरेटर आला की जुना त्याला सांगे, "तीन नंबरला वजा चाळीस." झाले, एवढेच. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नव्हती. स्क्रीनवर चार मीटर सत्तर झाले की पंप आपोआप बंद होई. खरे पाणी तेव्हा चार-तीसच असे आणि मग टेकडीच्या वरच्या अंगाच्या घरांत नळाला नुसती हवा येई. म्हणून सकाळी ऑपरेटर त्या टाकीचा पंप 'आपोआप'वरून 'हाताने'वर घेत, स्क्रीनवर पाच-दहा दिसेपर्यंत चालवत आणि स्वतः बंद करत. वजा चाळीस केले की चार-सत्तर. काठोकाठ, पण थेंबही बाहेर नाही. कित्येक वर्षे हे असे बिनबोभाट चालले होते.

मामांना तर वजाबाकी हाडात मुरलेली होती. त्यांच्या घरातले घड्याळ दहा मिनिटे पुढे होते. मामी म्हणत, "नीट लावून घ्या की एकदा." मामा म्हणत, "नीट लावलं तर गोंधळ होईल."

मामांचा भाचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा मुलगा, त्या खासगी कंपनीत यंत्रे तपासण्याच्या कामावर होता. नोकरीला वर्ष व्हायचे होते. लहानपणी सुट्टीत तो मामांबरोबर पंपगृहावर येऊन बसे आणि मामा त्याला कक्षाच्या रीती सांगत. चालू पाळीची स्क्रीन बंद करायची नाही, हीही त्यांतलीच एक. कंपनीने त्याला या करारावर पाठवले तेव्हा नाते कळवले होते आणि कार्यालयाने फक्त एवढेच म्हटले होते, की कलम पाळावे.

भाचा कलम पाळणारा होता. एप्रिलमधल्या एका सकाळी, लांबूची पाळी संपत आलेली असताना, तो कक्षात आला. तीन नंबरच्या टाकीचे यंत्र ज्या पट्टीवर बसवले होते ती नकाशात दाखवल्यापेक्षा खाली होती आणि त्यामुळे आकडा चाळीसने फुगतो, हे त्याने आदल्या दिवशी शोधून काढले होते. आपण काही तरी नवे शोधले, असे त्याला वाटत होते. ही गोष्ट चार माणसे रोज तोंडपाठ वापरतात, हे त्याला ठाऊक नव्हते. मामांनी लहानपणी त्याला जे जे शिकवले होते त्यात हे राहून गेले होते. त्याने आपल्या नावाने स्क्रीन उघडली, दुरुस्तीचा आकडा भरला, कंपनीला कळवले आणि टेप घेऊन टाक्यांवर जायला निघाला. जाताना स्क्रीन तशीच उघडी ठेवली. मामांची पाळी येत होती, त्यांना खोळंबा नको.

जिन्यात मामा भेटले.

"काय रे, आज सकाळीच?"

"काम होतं मामा."

"कसलं?"

"ते मी सांगायचं नाही. कलम आहे."

"बरं बाबा, कलमवाले. चहा तरी प्यायचा का, की त्यालाही कलम आहे?"

"चहाला नाही. पण उशीर झालाय."

मामा हसत वर गेले. लांबू म्हणाला, "भाचा येऊन काही तरी खुटखुट करून गेला," आणि डबा उचलून निघून गेला. मामांनी उशी ठेवली, चष्मा पुसला, तीन नंबरचा पंप 'हाताने'वर घेतला आणि पाच-दहाची वाट बघत बसले.

आकडा चढत चढत चार-ऐंशीच्या पुढे गेला आणि तिथेच थांबला. मामांनी मनात वजा चाळीस केले. चार-चाळीस. अजून तीस सेंटीमीटर हवे. आकडा हलेना. यंत्र अडकले असावे, पूर्वीही एकदोनदा अडकले होते, असे समजून ते थांबले. यंत्र अडकलेले नव्हते. टाकी भरून वाहत होती, म्हणून आकडा वर जायला जागाच उरली नव्हती.

टेकडीखाली एक छापखाना होता. त्याचा कागद तळघरात असे. ओसंडलेले पाणी गटारात मावले नाही, ते रस्त्यावरून तळघरात शिरले. भाचा दुसऱ्या टाकीवरून तीन नंबरवर पोचला तेव्हा टाकीच्या चारी अंगांनी पाणी कोसळत होते. त्याने कक्षात फोन केला. "मामा, तीन नंबर बंद करा. वाहतेय." मामांनी बंद केला. मग चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत राहिले.

चौकशी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. मामांना एकच प्रश्न विचारला गेला, स्क्रीनवर काय दिसत होते? त्यांनी सांगितले, चार-ऐंशीच्या पुढे जाऊन अडकले. लिहिणाऱ्याने लिहून घेतले. मामांना वाटले, प्रकरण यंत्रावर गेले.

प्रकरण यंत्रावर गेले नव्हते. यंत्रात प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणाच्या नावाने काय झाले याची. त्या नोंदीत दोन ओळी एकापाठोपाठ होत्या. पहिली, पातळीचा आकडा बदलला. दुसरी, पंपाचे आपोआप बंद होणे काढून टाकले. दोन्ही भाच्याच्या नावाने. कंपनीचे सुरक्षा सल्लागार, ज्यांना ऑपरेटर आपसांत 'कुलूपवाले' म्हणत, ते नोंद बघून म्हणाले की हल्ला असाच होतो: आधी डोळे फोडायचे, मग हात बांधायचे. एक तर या मुलाचा पासवर्ड बाहेर गेला आहे किंवा त्याने स्वतःच हे केले आहे. दोन्हींपैकी काहीही असो, कंपनीने त्याला तूर्त कामावरून दूर केले.

मामांना हे बहिणीकडून कळले. ती घरी शिवणकाम करी. मामा गेले तेव्हा मशीनवर बसलेली होती आणि उठली नाही.

"ये दादा. बस. कपडे बाजूला कर."

"कुठाय तो?"

"आत झोपलाय. दिवसा झोपतो आता. मोठा माणूस झालाय ना, हल्लेखोर."

"काय बोलतेस?"

"मी नाही, त्याची कंपनी बोलते. आधी त्यानं आकडा बदलला, मग पंपाचं काय ते काढलं. म्हणे पोलिसांत द्यायचं की नाही ते सोमवारी ठरवू." तिने दोरा दाताने तोडला. "मी विचारलं, तू केलंस का? म्हणतो, पहिलं केलं, दुसरं नाही. मी म्हटलं, मग दुसरं कोणी केलं? म्हणतो, माहीत नाही."

भाचा आतून उठून आला, दाराशी उभा राहिला. मामांनी विचारले, "पहिलं म्हणजे काय केलंस?"

"आता कसलं कलम. चाळीस सेंटीमीटर जास्त दाखवत होतं, ते नीट केलं."

खोलीत मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. बहिणीने भावाकडे बघितले. तिला टाकीतले काही कळत नव्हते, पण भावाचा चेहरा ती पन्नास वर्षे वाचत आली होती.

"दादा, तुला काही माहीत आहे का?"

"बघतो," मामा म्हणाले.

"बघ. पण लवकर बघ. सोमवार लांब नाही."

दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मामांनी लांबूला सगळे सांगितले. दुसरी ओळ आपल्या हातची आहे. स्क्रीन भाच्याची उघडी होती, आपण बसलो आणि रोजच्यासारखा पंप हातावर घेतला. लांबूने ऐकून घेतले आणि दार लावले.

"मामा, हे तुम्ही बोललात की चौघंही गेलो. आपण सगळे वजा चाळीस करतो. सगळे हातावर घेतो. सगळे एकाच्या नावावर बसतो. विचारतील, इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"का नाही सांगितलं आपण?"

"कोणी विचारलं?"

मामांनी उशी खुर्चीत ठेवली.

"कुलूपवाले म्हणतायत ना बाहेरून कोणी शिरलं, शिरू दे की," लांबू म्हणाला. "बाहेरच्या माणसाला बायको नाही, पोरं नाहीत, पगारवाढ नाही. त्याच्या डोक्यावर कितीही घाला. पोराचं काय, पुरावा नाही म्हणून सुटेल. आणि तुमच्या पाळीप्रमुखाच्या बढतीचं पत्र टेबलावर आलंय, मी स्वतः पाहिलंय. सव्वीस वर्षांनी येतंय. घालवाल?"

"आणि नाही सुटला तर?"

"तर दुसरीकडे नोकरी लागेल. तरुण आहे."

"असा शिक्का बसलेल्याला टाकीवर कोण चढू देतं?"

लांबूने खिडकीही लावून घेतली. मग म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला, हे मलाही कळतं, मामा. पण संन्यासी तुमचा भाचा आहे म्हणून तुम्हाला जास्त कळतंय."

हे खरे होते आणि मामांना ते आवडले नाही.

सोमवारी चौकशी नियंत्रण कक्षातच होती. मुख्य अभियंता बाई होत्या, कुलूपवाले होते, कंपनीचे एक व्यवस्थापक होते. भाचा भिंतीशी खुर्चीवर होता. लांबूची पाळी होती. मामांना बोलावलेले नव्हते. ते आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "मॅडम, दुसरी ओळ माझी आहे."

बाईंनी त्यांना बसवले. मामांनी क्रमाने सांगितले. उघडी स्क्रीन, वजा चाळीस, हातावर घेतलेला पंप, पाच-दहाची वाट. दुसऱ्या ऑपरेटरांची नावे त्यांनी घेतली नाहीत. "मी असं करतो" एवढेच म्हटले.

कुलूपवाल्यांचा विश्वास बसला नाही. ते सभ्यपणे म्हणाले, "मुलगा तुमचा भाचा आहे. तुम्ही त्याला वाचवू बघता, हे आम्ही समजू शकतो. पण कोणी माणूस वर्षानुवर्षे चुकीचा आकडा बघून काम करेल, आणि एकदाही तक्रार करणार नाही?"

"चुकीचा नव्हता साहेब. चाळीसनं चुकीचा होता. किती ते माहीत असलं की चूक उरत नाही."

व्यवस्थापकांना हसू आले, ते त्यांनी आवरले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मामांना स्क्रीनसमोर बसायला सांगितले. लांबू उठला. मामा बसले. उशी नव्हती.

"दोन नंबरच्या टाकीत किती पाणी आहे?" बाईंनी विचारले.

"तीन-दहा."

"पाच नंबर?"

"दोन-पंचाहत्तर."

"तीन नंबर?"

"साडेतीन."

स्क्रीनवर तीन-नव्वद होते. कुलूपवाले पुढे वाकून स्क्रीनकडे बघत होते. भाचा खाली बघत होता. यंत्र नीट झाल्याला पंधरवडा होत आला होता, त्याच्या पायी टाकी वाहिली होती, बहिणीच्या घरात हे सगळे उलगडले होते, आणि आत्ता, या तिघांसमोर, आपण निर्दोषाची साक्ष द्यायला आलेलो असताना, मामा साडेतीन म्हणाले होते. त्यांच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

"तीन-नव्वद," ते म्हणाले. "आता तीन-नव्वदच."

बाईंनी लांबूकडे वळून विचारले, "तुम्ही किती म्हणाला असतात?"

लांबूने मामांकडे पाहिले. "साडेतीनच," तो म्हणाला.

पुढे फार बोलणे झाले नाही. बाहेरून कोणी शिरले नव्हते. कुलूपवाल्यांनी आपला अहवाल बदलला, आणि ते मनाने सरळ होते म्हणून त्यात हेही लिहिले की परस्पर बोलू नये हे कलम त्यांच्याच सल्ल्याने घातलेले होते. बाई जाताना मामांना म्हणाल्या, "इतकी वर्षं हे यंत्र अर्धं तिथं टेकडीवर होतं आणि अर्धं तुमच्या डोक्यात. आम्ही टेकडीवरचं तेवढं दुरुस्त करायला माणूस पाठवला. तुम्ही डोक्यातलं सांगितलं नाहीत, हे मात्र मला लिहावं लागेल."

"लिहा मॅडम," मामा म्हणाले.

त्यांनी लिहिले. पाळीप्रमुखाचे पत्र लांबूच्या नावाने निघाले. लांबूने ते घेताना मामांच्या पायाला हात लावला नाही की माफीही मागितली नाही. त्या आठवड्यात मामांच्या दोन सकाळच्या पाळ्या मात्र त्याने न विचारता स्वतःकडे घेतल्या. मामांची वेतनवाढ वर्षभर थांबली. छापखान्याचे नुकसान कार्यालयाने भरून दिले. कक्षात आता प्रत्येकाला आपल्या बोटाच्या ठशाने स्क्रीन उघडावी लागते, त्याला दोन सेकंद लागतात. यंत्रातला कोणताही बदल पाळीवरच्या माणसाला तोंडी सांगून त्याची सही घ्यावी लागते. कलम बदलले.

मामा अजून त्याच खुर्चीत बसतात. पहिले दोन महिने त्यांनी तीन नंबरच्या आकड्याखाली स्क्रीनवरच कागदाची एक चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर लिहिले होते, 'आहे तेवढेच'. वजा करायची सवय मोडावी म्हणून आकडा मोठ्याने वाचत. मामी विचारत, घरी आता घड्याळ तरी नीट लावायचे का. घड्याळ अजून दहा मिनिटे पुढेच आहे.

भाच्याला कंपनीने परत घेतले. पण स्क्रीन उघडी ठेवून गेल्याबद्दल, दूर ठेवलेल्या दिवसांचा निम्मा पगार कापला. कापलेली रक्कम ६,३०० रुपये होती. भाच्याने ती मागितली नाही. ती भरून द्यायची म्हणून मामा पहिला हप्ता घेऊन बहिणीकडे गेले तेव्हा ती म्हणाली, "हे कशाला? चूक त्याचीही होतीच की."

"स्क्रीन उघडी ठेवायला त्याला मीच शिकवलंय."

"मग शिकवणीचे पैसे उलटे घ्यायला हवेत मी," ती म्हणाली, पण पाकीट मशीनच्या खणात ठेवले. दुसऱ्या वेळी सरळ खणात टाकले. तिसऱ्या वेळी मोजून घेतले, कारण मामा मोजून घेतल्याशिवाय उठत नव्हते.

वेतनवाढ थांबलेली असल्याने हप्ते लहान आहेत आणि मध्ये एक महिना चुकला. ६,३०० पैकी ५,४०० रुपये दिले गेले आहेत. नऊशे रुपये अजून द्यायचे आहेत.